उजव्या खांद्यावरचा पदर

माझ्या फोटोतल्या बाईचे पाय कापणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला, तेव्हा मी त्याला त्याच्याच तोंडावर गाढव म्हटलं. आणि त्यानं चक्क मान डोलावली!

सत्तावन सालचा श्रावण होता. ऊन बघून मी छत्री घरी ठेवली आणि ठाकूरद्वारच्या नाक्याशी पोचते न पोचते तोच सर आली. कॅमेऱ्याची पेटी छातीशी धरून मी एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या पत्र्याखाली धावले. पेटीवर 'करंडा' मासिकाचा ताजा अंक होता. तो भिजू नये म्हणून मी पदराखाली घेतला आणि लगेच मनात आलं, भिजू दे मेला! शोभलंच असतं.

"अंकावर एवढा राग?" शेजारून आवाज आला.

वळून बघितलं तर एक उंच, सावळा तरुण उभा होता. पांढरा सदरा, काखेत कागदांची गुंडाळी, ओले केस कपाळावर आलेले. डोळे मात्र हसत होते, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. म्हणजे... आवडलं, पण त्या क्षणी नाही.

"राग येणार नाही तर काय?" मी अंक उघडून त्याच्या नाकासमोर धरला. "हे बघा. मुगभाटातली फुलवाली. दोन तास उन्हात उभी राहिले मी या फोटोसाठी. तिच्या पायाशी एक मांजर झोपलं होतं, सगळी गंमत त्या मांजरात होती. आणि या लोकांनी तिचे पाय कापले. मांजरासकट!"

"अरेरे," तो म्हणाला. "मांजरसुद्धा?"

"कोणी एक बसलाय तिथे, पट्टी आणि कात्री घेऊन. त्याला एवढंही कळत नाही की पाय नसले तर बाई उभी कशावर राहणार? गाढव कुठला!"

"फारच गाढव माणूस असला पाहिजे," त्यानं मान डोलावली.

"असणारच!"

"नाव काय त्याचं?"

"असल्यांची नावं कोण छापतंय? माझं छापत नाहीत, तर त्याचं कुठून छापणार?"

"बरं आहे बुवा त्याचं," तो म्हणाला आणि पागोळीखाली हात धरून उगाचच बोटं भिजवत राहिला.

सर ओसरली. मी 'करंडा'च्या इमारतीकडे निघाले, तर हाही मागोमाग. जिना चढले, तर हाही जिना चढला. पहिल्या मजल्यावर मी वळून विचारलं, "तुम्हीही इथेच?"

"हो... मी इथेच असतो," तो म्हणाला. "खिडकीजवळच्या टेबलावर. पट्टी आणि कात्री घेऊन."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण बोललेलं परत घ्यायची सवय आमच्या घराण्यात नाही. "मग मांजर कुठाय?" मी विचारलं.

तो टेबलाशी गेला, खण उघडला आणि बोटाएवढी एक कापलेली पट्टी माझ्या हातावर ठेवली. फुलवालीचे पाय आणि झोपलेलं मांजर!

"जागा नव्हती, म्हणून कापलं," तो म्हणाला. "पण टाकवलं नाही."

त्याचं नाव रघुवीर धुरी. लालबागचा. 'करंडा'चा उपसंपादक, म्हणजे संपादकांच्या खुर्चीत बसणं सोडून बाकी सगळं तोच करायचा.

आता माझं सांगते. मी राजलक्ष्मी वेलकर, घरात राजू. आम्ही ठाकूरद्वारचे पाठारे प्रभू. अप्पा, म्हणजे माझे वडील मनमोहन वेलकर, फोर्टात सॉलिसिटरच्या कचेरीत होते. आई गेल्यावर त्यांचा जीव दोनच गोष्टींत होता, मी आणि त्यांचा रोलिकॉर्ड कॅमेरा. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले आणि कॅमेरा माझ्याकडे आला. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून मी फोटो धुवायची. बंबात पाणी तापवायचं झालं की अप्पा दारावर टकटक करून विचारायचे, "राजू, अंधार संपला का गं?"

नोकरी कुणाचीच नाही, फोटो सगळ्यांना. मासिकांना असे फोटो देणं म्हणजे मुलगी दाखवायला नेण्यासारखं. एकानं विचारलं, "बाई हसत का नाही?" दुसऱ्यानं विचारलं, "बाई हसते का?" तिसऱ्यानं माझी भायखळ्याच्या बाजारातली भाजीवाली एकदा कारवारची म्हणून छापली आणि सहा महिन्यांनी पुन्हा, कोल्हापूरची म्हणून. पण या सगळ्यात खरं बोचायचं ते एकच. फोटोखाली नाव यायचं 'म. वेलकर'. बाईच्या नावाचं पाकीट संपादक उघडतसुद्धा नाहीत असा अनुभव आल्यावर अप्पांनीच ती युक्ती काढली होती. युक्ती चालली. फोटो छापून यायचे, अप्पांचे मित्र अप्पांची पाठ थोपटायचे आणि अप्पा ओशाळून माझ्याकडे बघायचे.

त्या दिवशी मी संपादक लिमयेसाहेबांसमोर बसून सांगून टाकलं, "यापुढे माझ्या नावानं छापणार असाल तरच फोटो देईन."

चिंतामणराव लिमये म्हणजे भला माणूस, पण सावध. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "राजलक्ष्मीबाई, माझी ना नाही हो. पण वाचकांना सवय नाही. उद्या जरा काही चुकलं, तर म्हणतील, बाईच्या हाती कॅमेरा दिला, होणारच."

"चुकलं तर ना?"

खिडकीजवळून आवाज आला, "साहेब, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ अजून ठरलेलं नाही."

लिमयेसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ठीक. दिवा लावणारी घरंदाज बाई. फोटो पसंत पडला तर मुखपृष्ठ तुमचं आणि नावही तुमचं. नाही जमलं, तर पुन्हा म. वेलकर. आहे कबूल?"

मी कबूल केलं. खाली उतरताना पाय जमिनीला लागत नव्हते, आणि ते नुसत्या मुखपृष्ठामुळेच, असं मी स्वतःला बजावत होते.

दिव्यासाठी बाई कोण, हा प्रश्न रघुवीरनंच सोडवला. "माझी अंबिका मावशी. लालबागला खानावळ चालवते. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. ती चुलीपुढे बसली ना, की..." तो थांबला. "तुम्हीच बघा."

अप्पांची परवानगी घेऊन मी गेले. गिरणीची पाळी सुटायला तासभर होता. चाळीच्या भिंतीवर गेरूनं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं हातभर उंच अक्षरांत लिहिलं होतं, आणि त्याच्याच खाली चुन्यानं, 'इथे भांडी घासू नये'. मावशींच्या दोन खोल्यांत वीस ताटांची मांडामांड चालली होती. चांगल्या धिप्पाड बाई, नऊवारी लुगडं, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. यजमान गावी शेती बघायचे आणि या इथे वीस गिरणीकामगारांचं पोट.

"ये गो. उभी कित्याक? बस," मावशी म्हणाल्या. माझ्यापुढे ताट आलं. भात आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. माझी नजर नकळत बाकीच्या पातेल्यांवर फिरली.

मावशी खो-खो हसल्या. "परभीण मां तू? मासे नाय म्हणान तोंड उतारला! श्रावण आसा गो बाय. श्रावण संपलो की ये, सरंगो घालतंय तुका."

सांबारं असं झालं होतं की मी सरंग्याला विसरले. दोनदा भात घेतला. रघुवीर दाराला टेकून बघत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

मग मावशी खिडकीशी बसल्या. समोर समई, हातात ती पेटवायची काडवात. पण फोटो म्हटल्यावर त्यांचं सगळं अंग आखडलं. "ह्या वयात माका कित्याक नटवतंस रे रघू? तुझी मासिकवाली माणसां हसतली."

"हसू देत. तू हसू नको म्हणजे झालं," तो म्हणाला आणि असं काही तोंड केलं की त्या हसल्याच.

माझा कॅमेरा डोळ्याला लावायचा नव्हे. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. रघुवीर जवळ आला. "मला दाखवाल?"

काच ती केवढी... तळहाताच्याही निम्मी. दोघांनी बघायचं म्हणजे डोकी जवळ आणावीच लागतात. त्याच्या सदऱ्याला छापखान्याच्या शाईचा वास येत होता. मला तो वास आधी कधी आवडला नव्हता.

"अहो, हे उलटं आहे!" तो म्हणाला. "मावशी डाव्या हातानं दिवा लावतेय!"

"या काचेत डावं-उजवं बदलतं. फोटोत सरळ येतं. मला सवय आहे. चार वर्षं मी जग असंच बघतेय."

"घोटाळा नाही होत?"

"माझा? कधीच नाही," मी ऐटीत म्हटलं.

"माझा होतोय," तो हळूच म्हणाला. मान वर केली तर तो काचेत बघतच नव्हता.

"रे रघू," मावशी म्हणाल्या, "फोटो माझो काढतत ना तुमी?"

बारा फोटो काढले. नववा असा आला की न्हाणीघरातल्या लाल दिव्याखाली तो कागदावर उमटताना बघून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. ज्योतीचा उजेड मावशींच्या अर्ध्या चेहऱ्यावर, डाव्या खांद्यावरून आलेला पदर, उजव्या हातातली काडवात आणि ओठांवर ते दाबलेलं हसू. लिमयेसाहेबांनी चष्मा दोनदा पुसला आणि "वा" म्हणाले. निगेटिव्ह छपाईचा ब्लॉक करायला गेली.

त्यानंतरचे दिवस... काय सांगू! रोज काही ना काही काम निघायचं. कधी फोटोची मापं, कधी फोटोखालची ओळ. मी घरून 'करंडा'त जायची, तो मला पोचवायला ठाकूरद्वारपर्यंत यायचा, मग मी त्याला पोचवायला ट्रामच्या थांब्यापर्यंत. तो मला 'वेलकरबाई' म्हणायचा, मी त्याला नुसतं 'धुरी'. सगळं अगदी कामापुरतं. फक्त ट्राम आली की दोघंही म्हणायचो, "ही भरलेली आहे, पुढची बघू." रिकाम्या ट्रामसुद्धा आम्हाला भरलेल्या दिसायच्या.

सप्टेंबरच्या शेवटी मुखपृष्ठाचं प्रूफ निघालं. तळमजल्यावरच्या छापखान्यात, यंत्रांच्या धडधडीत, त्यानं ओला कागद दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर आणला. "बघा. एक छोटा बदल केलाय. बाई अंकाच्या पाठीकडे बघत होती. मुखपृष्ठावरचा चेहरा नेहमी पान उघडायच्या बाजूला बघता असावा. म्हणून ब्लॉकवाल्याला सांगून निगेटिव्ह फिरवून घेतली. चाललं ना?"

मी बघितलं. काचेत बघितली होती तश्शीच मावशी होती. दोन तास मी तिला तशीच बघितली होती की! मला काहीच वावगं दिसलं नाही. आणि खरं कारण सांगू? मी प्रूफ बघतच नव्हते. त्याच्या गालाला शाईचं बोट लागलं होतं आणि ते पुसावं की न पुसावं, या विचारात मी होते.

"फर्स्टक्लास!" मी म्हटलं, आणि रिवाजाप्रमाणे प्रूफाच्या पाठीवर सही केली. 'पाहिले. ठीक. राजलक्ष्मी वेलकर.'

शाईचं बोट शेवटी पुसलं नाही. नुसतं दाखवलं. त्यानं पुसला तो दुसराच गाल.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अंक आला. पहिल्या पानावर छापलेलं होतं, 'मुखपृष्ठ छायाचित्र : राजलक्ष्मी वेलकर'. अप्पांनी ती ओळ मला तीनदा वाचून दाखवली, मग चष्मा काढून डोळे पुसले आणि वाडीत अंक वाटायला निघाले. "माझा नाही हो, राजूचा! नाव बघा, राजूचं!" बापाला एवढा आनंद आपल्यामुळे झालेला बघणं... मला तर त्या दिवशी करंजीसुद्धा गोड लागली नाही, इतकं सगळंच गोड होतं.

तासाभरानं समोरच्या रमाबाई अंक घेऊन आल्या. "छान आलाय गं. पण राजू... ही बाई डावखुरी आहे का?"

"छे."

"मग दिवा डाव्या हातानं? आणि नथ उजव्या नाकपुडीत? आणि हा पदर बघ, उजव्या खांद्यावर! असा कोण घेतं गं पदर?"

मी अंक हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. रमाबाईंना जे एका नजरेत दिसलं, ते संपादक, उपसंपादक, ब्लॉकवाला, मशीनवाला या चार बाप्यांना महिनाभरात दिसलं नव्हतं. बाप्यांचं सोडा, मला दिसलं नव्हतं! जन्मभर पदर घेणाऱ्या बाईला!

आणि काळ कोणता? घराघरात एकच विषय, मुंबई कोणाची. गुजरातसह द्विभाषिक राज्य गळ्यात पडलेलं, डोकी तापलेली. आणि त्यात दिवाळी अंकावर उजवा पदर! 'करंडा'त पत्रांचा ढीग पडला. 'शुभ दिव्याला डावा हात लावून आमच्या सणाला अपशकुन केलात.' 'मुंबई द्विभाषिकात घातलीत, आता आमचा पदरही?' 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे आणि पदर डावीकडे गेलाच पाहिजे.' भुलेश्वरहून एका गुजराती बाईंनी तर मराठीतच लिहिलं होतं : 'हा आमच्यावर ढकलू नका. आमचा पदर मागून पुढे येतो. हा पदर कोणाचाच नाही!'

निम्म्या पत्रांत मात्र एक वाक्य ठरलेलं होतं. बाईच्या हाती कॅमेरा दिला, दुसरं काय होणार.

मी दोन दिवस घरातून बाहेर पडले नाही. रघुवीरचा असा राग आला होता म्हणता! आधी पाय कापले, आता हात बदलले. माझं नाव एकदा, फक्त एकदा छापून आलं, आणि ते या माणसानं मातीत घातलं. प्रूफावरची माझी सही आठवत होती, पण तिकडे मी बघत नव्हते. राग करायला सोपा पडतो तो माणूस आपण निवडतो, नाही का?

तिसऱ्या दिवशी लिमयेसाहेबांनी बोलावलं. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं.

"धुरींनी राजीनामा दिलाय," साहेब म्हणाले. "मी म्हटलं होतं, 'नवख्या छायाचित्रकर्तीच्या अननुभवामुळे' असा खुलासा टाकू, प्रकरण मिटेल. तर ते म्हणाले, असं छापाल तर मी इथे बसणार नाही. हे लिहून दिलं आणि गेले."

कागदावर त्याचं अक्षर होतं. 'मुखपृष्ठाची निगेटिव्ह छायाचित्रकर्तीला न विचारता मी फिरवली. त्यांचा फोटो निर्दोष होता. दोष सर्वस्वी माझा. रघुवीर धुरी.'

"आणि प्रूफ?" मी विचारलं. "प्रूफावर कोणाची तरी सही असेल ना?"

"प्रूफ हरवलं म्हणतात," लिमयेसाहेब म्हणाले. "तुमच्यावर काही येत नाही, राजलक्ष्मीबाई. हा खुलासा डिसेंबरच्या अंकात जाईल. तुमचं नाव राहील. माघ महिन्याचं मुखपृष्ठही तुम्हीच द्या."

झालं! मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. जिना उतरून मी छापखान्याच्या दाराशी आले आणि तिथेच उभी राहिले. यंत्रं तश्शीच धडधडत होती. आपल्याला न विचारता हा माणूस आपल्यासाठी खोटं बोलला, त्यासाठी नोकरी सोडली, आणि आपण मात्र दोन दिवस त्याला शिव्या घालत बसलो! मला माझीच इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. आणि त्याच वेळी, तुम्ही हसाल, पण इतका आनंद झाला की काय सांगू. हा माणूस मला हवा होता. कामापुरता नव्हे.

मी सरळ लालबाग गाठलं.

खानावळीत जेवणं आटोपली होती. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, रघुवीर पाटावर, आणि दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते.

"इलंस? बरा झाला," मावशी म्हणाल्या. "बघ ह्येचे पराक्रम. तीस वर्सां उजव्या हातान वाढतंय ह्या मेल्यांका. आता ताट मागताना इचारतत, अंबिकामावशी, आज खयच्या हातान? माका डावखुरी केल्यान!"

"मावशी, चूक याची एकट्याची नाही," मी म्हटलं. "धुरी, प्रूफ कुठाय?"

"हरवलं."

"खोटं."

"खरंच. छापखान्यात काय, कागद हरवतात..."

"एका मांजराची पट्टी तुम्ही महिनाभर जपून ठेवता आणि माझ्या सहीचं प्रूफ हरवता?"

तो पाटाची कड नखानं खरवडायला लागला. मावशींनी मात्र देवाच्या तसबिरीकडे नुसती नजर टाकली. मी तसबिरीच्या मागे हात घातला. घडी केलेलं प्रूफ हाताला लागलं. पाठीवर माझीच सही, वळणदार, ऐटबाज.

"का केलंत असं?"

"तुमचं नाव..." तो खाली बघत म्हणाला. "पहिल्यांदा छापून आलं होतं. माझ्या हातानं मी ते टाइपात जुळवून घेतलं होतं. चार वेळा तपासलं, एक वेलांटी चुकू नये म्हणून. फोटो मात्र एकदाही तपासला नाही... नोकरी काय, दुसरी मिळेल. तुमच्या नावाला बोल लागला असता तर मला... मला ते बघवलं नसतं."

"आणि तुमच्या नावाला लागलेला मला बघवेल?"

"वेलकरबाई—"

"काय सारखं वेलकरबाई! मी सही केली. डोळे उघडे ठेवून केली. मला दिसलं नाही कारण मी प्रूफ बघत नव्हते, मी..." इथे माझा आवाजच बंद पडला. गेले दोन महिने तोंडाला कुलूप नसलेली मी, आणि नेमकं आत्ता! "मी तुम्हाला बघत होते," मी म्हटलं. एकदाचं बोलले.

त्यानं मान वर केली. मग अगदी हळू म्हणाला, "राजलक्ष्मी... मी निगेटिव्ह फिरवली त्या दिवशी तू समोरच्या बाकावर बसली होतीस. मी तरी कुठे बघत होतो फोटोकडे?"

'तू' म्हणाला. माझ्या कानांपर्यंत ऊब चढली.

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! ह्यो तिका बघी होतो, ती ह्येका बघी होती, आणि डावखुरी झालंय मी!" मग पदर खोचून उठल्या. "दोघांनी मिळान चूक केल्यात, मगे दोघांनी मिळान सांगा. ह्यात रडाक काय झाला? पण आधी जेवा. श्रावण संपलो. सरंगो आसा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लिमयेसाहेबांसमोर उभे राहिलो. प्रूफ ठेवलं, नवा खुलासा ठेवला. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, "यात तुमचं नावही जाईल, राजलक्ष्मीबाई. लोक बोलतील."

"जाऊ दे. चांगल्या फोटोखाली माझं नाव मी भांडून घेतलं. चुकीखालचं दुसऱ्याला कशी देऊ?"

साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग राजीनामा खणातून काढून रघुवीरच्या हातात दिला. "हा घेऊन जा. दोघांनी कबूल केलेल्या चुकीला एकट्याला कसा घालवू? आणि डिसेंबरचा अंक काय मी काढू?"

खुलासा आमच्या छापखान्यातल्या गुणाजी कंपॉझिटरनं जुळवला. आता गिरगावातल्या छापखान्याचा संसार मासिकांवर चालत नाही, लग्नपत्रिकांवर चालतो. त्यात तुळशीची लग्नं होऊन मुहूर्त सुरू झालेले. साहेबांनी "चौकटीत घाल" म्हणून सांगितलं, तर गुणाजीनं हाताशी होती ती चौकट लावली. वेलबुट्टीची, वर गणपती, दोन्ही कोपऱ्यांत मंगलकलश. आणि चौकटीत :

'आमच्या दोघांच्या हातून झालेल्या प्रमादाबद्दल सर्व वाचकांची व विशेषतः सौ. अंबिकामावशींची आम्ही मनःपूर्वक क्षमा मागतो. आपले नम्र, रघुवीर धुरी. राजलक्ष्मी वेलकर.'

अंक आला त्या सकाळी पहिल्या हजर रमाबाई, पेढे घेऊन. "अगं, कळवायचं तरी आधी! तारीख नाही घातलीत?" पाठोपाठ वरच्या मजल्यावरच्या, मग मागच्या. चौकट सगळ्यांनी बघितली होती, मजकूर एकीनंही वाचला नव्हता. लालबागला तर म्हणे वीस ताटांवर मावशींनी गोड वाढून टाकलं आणि कोणालाच काही समजावून सांगितलं नाही.

अप्पा अंक घेऊन आरामखुर्चीत बसले होते. मी समोर उभी, आणि दारात रघुवीर. तो चौकटीबद्दल माफी मागायला लालबागहून धावत आला होता, घामाघूम.

"अप्पासाहेब, मी... गुणाजीची काही चूक नाही. मीच प्रूफ नीट—"

"याही वेळी बघितलं नाहीत?" अप्पांनी विचारलं.

"बघितलं होतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, सरळ उभा राहून म्हणाला, "खरं सांगतो. चौकट मला दिसली होती. मी बदलायला सांगितली नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. लबाड!

अप्पांनी पुन्हा अंकात डोकं घातलं. मला ठाऊक होतं त्यांच्या डोक्यात काय चाललंय. आपली ज्ञाती, लालबागची खानावळ, चुलत्या-मामांची तोंडं. त्यांनी अंकावरून थरथरतं बोट फिरवलं, माझ्या नावावर थांबले, मग शेजारच्या नावावर.

"लोक बोलतील, राजू," ते म्हणाले.

"हो, अप्पा."

"तुला हा मुलगा हवाय?"

"हवाय," मी म्हटलं. एवढं स्पष्ट मी आयुष्यात काही बोलले नव्हते.

अप्पांनी रघुवीरला आत यायची खूण केली. "या. बसा. पेढा घ्या. रमाबाईंनी आणलाय, त्यांना परत कसा करायचा?"

दोन दिवसांनी 'करंडा'त गेलो तर लिमयेसाहेब डोक्याला हात लावून बसले होते. अभिनंदनाची तीन पत्रं समोर, एक तार, आणि कोणाचा तरी चांदीचा करंडासुद्धा येऊन पडला होता. "अहो, केवढा हा घोटाळा!" ते म्हणाले. "पुढच्या अंकात खुलासा टाकायला हवा. लिहा धुरी, 'मागील अंकातील चौकटीमुळे वाचकांचा गैरसमज...'"

रघुवीरनं लेखणी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि साहेबांच्या दौतीत परत ठेवली.

"राहू द्या, साहेब," मी म्हटलं. "यात खुलासा करण्यासारखं काही नाही."